सालीसकट

पौषातच ओंडका घ्यायचा.
चैत्रात झाडाच्या अंगात पाणी चढतं
आणि पाणी चढलेल्या झाडाची साल
पहिल्या धक्क्यालाच हात सोडते.
हे मला कुणी शिकवलं नाही.
चार वाडगे फुकट गेले तेव्हा कळलं.

अमळनेरला, बोरीच्या अलीकडे, आमची गल्ली.
पूर्वी सात खराद होते, आता माझा एक,
त्यालाही मोटर जुन्या विहिरीवरची;
सुरू होताना अजून
पाणी उपसल्यासारखी खाकरते.

बाभळीचा ओंडका उभा चिरायचा,
गाभा मध्ये ठेवायचा नाही.
ठेवला की तो वैर धरतो,
वैशाखात मध्यरात्री काडकन बोलतो.
वाडग्याचं बूड गाभ्याकडे,
तोंड सालीकडे.
मग बटण.

बटण दाबलं की काठ नाहीसा होतो.
मध्ये लाकूड भरीव, लख्ख,
आणि कडेला नुसता धुरकट फेर.
पटाशी टेकवली की ठक-ठक-ठक,
लाकूड, काही नाही,
लाकूड, काही नाही.
घाबरून दाबलं की गेलं.
काही नाहीच्या वेळीही
हात तसाच धरून ठेवायचा असतो.

ओला कीस अंगावर येतो,
आधी पिवळा, मग विटकरी,
बनियनला चिकटतो, मिशीत बसतो,
शेवभाजीच्या ताटातसुद्धा सापडतो.

माझा बाप धुडकू कातारी.
साठ वर्षं लाटणी, बाजेचे पाय, पाळण्यावरचे राघू.
ओंडका हाती आला की आधी तासणी:
साल चुलीला, लाकूड गिऱ्हाइकाला.
आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय,
ऑपरेशनचं नाव काढलं
की त्याला नेमकी भूक लागते.

पहिला धड उतरलेला वाडगा
मी त्याच्या मांडीवर ठेवला.
त्याने बूड चाचपलं, टिचकी मारली,
आतून अंगठा फिरवला. मान हलली.
मग बोट काठावर आलं आणि थांबलं.
"आठे राही गयं रे. साल काढाले इसरना का?"
मुद्दाम ठेवली, म्हटलं.
"मुद्दाम?"
मी नाशिकचं दुकान सांगितलं, भाव सांगितला.
भाव त्याने पुन्हा विचारला
आणि पुन्हा मानला नाही.

बोट मात्र चालतच होतं,
एकीकडे चढ, एकीकडे उतार,
भेगेत शिरायचं, बाहेर यायचं.
वाडगा नाकाशी नेला.
"हाई ते हिलालना गोठामांगली बाभूय शे."

होती.
मी सांगितलं नव्हतं.
तिच्या शेंगा त्याने शेळ्यांना पाडल्या होत्या,
दुष्काळाच्या साली, की त्याच्या आदल्या साली,
यावर तो संध्याकाळपर्यंत
स्वतःशीच भांडत बसला.

आमच्याकडच्या उन्हात ओलं लाकूड उघडं टाकत नाहीत.
वाडगा त्याच्याच किसात पुरला,
सिमेंटच्या कागदी गोणीत बांधला,
बापाच्या बाजेखाली सरकवला;
घरात तेवढाच गारवा.

महिन्याने गोणी सोडली.
गोल होता तो लांबट झालेला,
ते व्हायचंच.
पण काठाला एका जागी
दोन बोटं रुंद साल गायब.
तुटलेली नाही.
नखाने, बारीक बारीक, सोललेली.

"आते व्हयनं,"
बाप बाजेवरून म्हणाला,
भिंतीकडे तोंड करून.

नाशिकच्या बाई फोटो मोठा करून विचारतात,
इथे काय झालं?
तो विकायचा नाही, सांगितलं.
लसूण ठेवतो आम्ही त्यात.
एका बाजूचा काठ खाली आहे,
जास्त भरला की तिथूनच पाकळ्या घरंगळतात,
बाजेखाली जातात,
आणि बाप पालथा पडून, हात लांब करून,
एकेक शोधत राहतो.