बाभळीपासून पाण्यापर्यंत

आमच्या खटाव तालुक्याला समुद्र नाही.
काठ म्हणाल तर हाच,
येरळा अडवून साठवलेल्या पाण्याचा,
आणि काठावर एक वेडी बाभूळ.

तिच्या बुंध्याशी माझा ट्रायपॉड उभा राहतो.
फोटोच्या पाठीवर मी तारीख घालत नाही,
पावलं लिहितो.
बाभळीपासून पाण्यापर्यंत, मोजून.

अश्विन. अकरा पावलं.
पाणी चहाच्या रंगाचं, वर पेंढा तरंगतोय.
नदीसुरय हवेत थांबतो, कोसळतो,
माझं बोट खाली जाईतो
मासा त्याच्या पोटात.
सतरा फोटो,
सतरांतही नुसते शिंतोडे.
हौसा भोईण ट्यूबवर बसून जाळं आवरताना ओरडते,
"आरं, त्याला आधी सांगत जा की, हस म्हणून!"

मार्गशीर्ष. अठ्ठ्याऐंशी.
रात्री दोनला मायणीतलं लग्न उरकलं,
वऱ्हाड जेवत होतं, मी थेट इकडं आलो.
धुक्यात चक्रवाकांची जोडी एकमेकांना विचारत होती,
आहेस का, आहेस का.
लेन्सवर दव. पुसायला रुमाल काढला
तर खिशातून अक्षता सांडल्या.
ऊन पडल्यावर एक चंडोल आला
आणि पिवळे तांदूळ टिपत राहिला,
माझ्या बुटापासून हातभर.
एवढ्या जवळचं त्या लेन्सला दिसत नाही.

माघ. दोनशे सहा.
रोहित आले.
मी पालथा, कोपरापर्यंत चिखलात,
विट्याहून भाड्यानं आणलेली लेन्स उशाला घेतल्यासारखी.
लोकांना ते उडताना हवे असतात, गुलाबी पंख पसरून.
मला आवडतात ते मान खाली घातलेले,
उलट्या चोचीनं गाळ चाळणारे,
सबंध सकाळ, न बोलता.
माझा थोरला भाऊ त्रिचूरला गलाई करतो.
सोनारांच्या दुकानांतला केर विकत घेतो,
धुतो, चाळतो, जाळतो,
तेव्हा कुठं गुंजभर पिवळं हाताला लागतं.
त्याचाही फोटो आहे माझ्याकडं.
त्यातही मान खालीच.

चैत्र. तीनशे नव्वद,
आणि पुढं मोजायचं सोडून दिलं.
तळ भेगाळून पापडासारखा झालेला.
टिटवी डोक्यावर घिरट्या घालत शिव्या देत होती,
मला अंडी दिसेनात.
बिरा गडदेला दिसली. चार, खड्यांसारखी.
मागं दीडशे मेंढरं.
त्यानं काठी अंड्यांपाशी रोवली,
जिभेनं च्यक् च्यक् केलं,
आणि कळप दुभंगून
दोन्ही अंगांनी निघून गेला.
तो फोटो स्टुडिओत लावलाय.
गिऱ्हाईक विचारतं, हा कशाचा?
टिटवी त्यात नाही, बिरा नाही,
धूळ आहे आणि मधोमध काठी.

यंदा कालव्याचं पाणी आलं.
माघात गेलो, लेन्स घेऊन,
तर बाभूळच गुडघाभर पाण्यात.
पावलं शून्य.
पलीकडच्या माळावर उसाचं बेणं पडत होतं,
मोटारीचा आवाज पार इथवर.
रोहितांचे पाय लांब, पण इतके नाहीत.
आठ दिवस रोज पहाटे गेलो.
नवव्या दिवशी हौसानं ट्यूब काठाला लावली,
मांडीवर पोराएवढा कटला.
"काढ माझा. ह्याच्यासंगं."
काढला.
हसताना तिचा एक दात नाही हे मला
बारा वर्षांत पहिल्यांदा दिसलं.

"तुझी लांबटांगी कुटं गेली रं?"
"उथळ पाणी हुडकत."
जाळ्यातला शेवाळ निपटत ती म्हणाली,
"पाणी नव्हतं तवा तुझा भाऊ गेला.
आता पाणी आलं, तर ती गेली."
मग कटल्याच्या कल्ल्यात बोट घालून वजन बघितलं,
"साडेचार भरंल."

संध्याकाळी भावाला फोन लावला.
पाणी आलंय म्हणालो.
किती, त्यानं विचारलं.
मी बाभूळ सांगितली.
तो गप्प राहिला, मागं भट्टीचा पंखा घरघरत होता.
मग म्हणाला, फोटो पाठव.

हौसाचा पाठवला.