छोटा दांडा

अठरा वर्षं मी विम्याची सर्व्हेअर.
दिघ्याच्या यार्डात डोक्याला स्कार्फ बांधून
किती वाकल्या चेसिसपुढे ‘टोटल लॉस’ लिहिलं
आणि तिथेच उभ्याने चहा प्यायले.

हिच्यावर तर विमाही नव्हता,
माझं मत कुणी विचारलं नव्हतं.
दुसऱ्याच गाडीसाठी गेले होते.
पुढच्या चाकाशी वाकले, ते सवयीने,
तर हबवर कुणीतरी ब्रशने लिहिलेलं:
ग्रीस, ११ मार्च ९४.
अक्षर शाळामास्तराचं, खाली रेघसुद्धा मारलेली.

टो करून आणली तेव्हा सासूबाई म्हणाल्या,
म्हैस आणली असतीस तर दूध तरी मिळालं असतं.
श्रीरंग काहीच बोलला नाही.
तो फक्त तिच्याभोवती एक फेरी मारून वर गेला.

वागळे इस्टेटमध्ये सलाउद्दीन मेस्त्रीने
तळाला स्क्रू ड्रायव्हर टेकवला,
तो मुठीपर्यंत आत गेला.
‘मॅडम, ह्यात गाडी कमी, गंज जास्त.’
चौदा महिने.
पांढऱ्याखाली हिरवा, हिरव्याखाली पिवळी अक्षरं:
वन विभाग, परिक्षेत्र…
पुढचं नाव गंजाने खाल्लेलं.
कुठलं रान, ते कळलं नाही.
एक एफडी मोडली. कुठली,
ते श्रीरंगला अजून सांगितलेलं नाही.

दशरथ पेंटरला म्हटलं, तेवढी तारीख सोड.
त्याने सोडली. पण टेप काढताना
चौऱ्याण्णवातला चार गेला.

मला ती होती तशीच हवी होती.
पण होती तशा गाडीतून कुणी शाळेत जात नाही.
आडवे बाक गेले, सरळ सीट आल्या, पट्टे आले,
भंगारातल्या कुणा बोलेरोचं स्टिअरिंग आलं.
आणि पायरी.
सलाउद्दीन शिंप्यासारखा माप घ्यायला बसला:
एक वीट, दोन विटा,
तिसरी काढून सासूबाई म्हणाल्या, हं, इथे.
‘आजी, एवढी खाली? जंगलात अडकेल.’
‘वर्तकनगरात जंगल कुठं आहे रे?’

आता रोज
मेट्रोच्या पत्र्यांच्या कडेकडेने, वीसच्या वेगाने,
निषादची शाळा, गॅसचा सिलिंडर,
गुरुवारी सासूबाईंचा फिजिओ.
मागच्या रिक्षावाल्याला घाई असते. मला नसते.
गिअरच्या शेजारी एक छोटा दांडा आहे,
त्याला डब्याची पिशवी अडकवतो.
हा कशाला, निषाद विचारतो.
डोंगर आला की लावायचा.
कधी येणार?
मानपाड्याच्या सिग्नलला त्याने हे
दर सकाळी विचारलं आहे.

परवा रविवारी येऊरला निघालो.
नाक्यावरच्या स्टुलावर एक म्हातारे गार्ड,
आम्हाला बघून ताडकन उभे राहिले,
हात कपाळापर्यंत गेला,
मग काचेतून त्यांना दिसली
टोमॅटोची पिशवी, मुलाची छत्री,
पुढच्या सीटवर पाय लांब करून बसलेल्या सासूबाई.
हात तिथेच राहिला, अर्ध्यात.
सासूबाईंनी मान हलवून सलाम घेतला.
साहेबांना सवयच असावी तशी.

डांबरावर लावू नये म्हणतात.
वळणापुढे कडेच्या मातीत उतरवली,
खाली उतरून दोन्ही हब हाताने फिरवले,
एकावर ती तारीख, चारविना.
पिशवी काढून श्रीरंगच्या मांडीवर दिली,
छोटा दांडा मागे ओढला.
खाली कुठेतरी काहीतरी
जड होऊन एकमेकांत बसलं.
दहा पावलं गेलो असू, फार तर पंधरा.
श्रीरंग म्हणाला, कितीची होती गं ती एफडी?

निषाद मागे पट्ट्यात मान टाकून
गाढ झोपला होता.