डावा दरवाजा

कंपनी म्हणते मोहीम.
मी हा शब्द टाइप करते तेव्हा ना घोडे दिसतात, ना गड.
दिसतात दोनशे चौदा टिपर,
मुकुटबनच्या फाट्यावर एकामागे एक,
फडफडत्या ताडपत्र्या,
आणि आमच्या गच्चीवरच्या सरगुंड्यांवर
बसत जाणारी काळी भुकटी.

माडीवर कूलरसमोर बसते, वाळ्याच्या वासात.
लायब्ररीत एक वर्ग रचते, मोहीम नावाचा.
तिला नाव हवं. कुठल्या गाड्या, ते हवं.
काय गोळा करायचं. केव्हा :
दर दहा सेकंदांनी,
की एखादी अट खरी ठरली तरच.
अट घडून गेल्यावरही किती वेळ पाहत राहायचं,
त्यालाही एक खण आहे.
आणि कधी थांबायचं.
ते लिहायला विसरलात तर लायब्ररी स्वतःच तारीख टाकते,
इतकी लांबची, की तोवर खाणीतला कोळसा सरलेला असेल.

रेंज नसेल तर गाडीनं सगळं पोटात ठेवायचं,
रेंज आली की ओकायचं.
कोडमध्ये एवढंच : साठवण, चालू.

आधी चाचणी घेतली, सगळे संकेत उघडे ठेवून.
एकशे सतरा नंबर. चालक शालिक टोंगे,
माझ्या चुलतबहिणीचा दीर.
अकरा दिवस तो नाल्याआड रेंजमधून नाहीसा होई
आणि साइडिंगवर पोचला की त्याची गाडी
भडाभडा सांगून टाकी :
एक चाळीस, वेग शून्य.
उजवा दरवाजा. डावा दरवाजा.
डावी सीट, बेचाळीस किलो.
एक एक्कावन्न, सीट रिकामी.

स्कूटीवर गेले, तोंडाला ओढणी गुंडाळून.
मे महिना. डांबर चपलेला धरून ठेवत होतं.
नाल्यापलीकडे रूळ, फाटक,
तिथं लाल-हिरवी झेंडी घेऊन दिवसभर
बायनाबाई आत्राम उभी असते.
सावली म्हणाल तर झेंडीची.
टिपर थांबलेला. ती वर, डाव्या सीटवर,
पदराला हात पुसून डबा सोडत होती,
अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर, कांदा.
खाली उन्हात शालिक,
हातात तिच्या झेंड्या,
आणि त्या कशा धरायच्या हे नीटसं ठाऊक नसल्यासारखा.

मला पाहून दचकला नाही.
"म्या थांबतो हे सांगजो वर," म्हणाला,
"पन बाईचं नोको सांगू. जेवून रायली ते."

घरी येऊन नियम वाचले.
अनधिकृत प्रवासी : पहिल्यांदा सात दिवस घरी,
दुसऱ्यांदा कायमचं.

मोहीम एकदा निर्माण झाली
की तिच्या गाड्या बदलत नाहीत, अट बदलत नाही.
मंजूर करा, स्थगित करा, पुन्हा सुरू करा, पुसून टाका.
एवढीच क्रियापदं आहेत तिच्यासाठी.
जे काय करायचं ते आधी.

जुनी पुसली. नवी लिहिली.
अट : ब्रेक दोनशे अंशांवर गेले तर.
त्यानंतर तीस सेकंद.
वेग, डिझेल, ब्रेक. यादी संपली.

पुण्याहून निषाद काकिर्डे कॉलवर विचारतो,
डावा दरवाजा का काढलास?
म्हटलं, त्या संकेतात गोंगाट फार. रस्ता खराब आहे.
रस्ता खराब आहे हे खरंच आहे.

निर्माण झाली. स्थिती : मंजुरीच्या प्रतीक्षेत.
वर्णनाचा खण रिकामा ठेवला, तो ऐच्छिक असतो.
खालून आई ओरडली,
कूलरातलं पानी सरलं वं, आवाज येऊन रायला!
मंजूर दाबलं
आणि बादली घेऊन उतरले.
एक पस्तीस झाले होते.