नावं ठेवणं

माझ्या बापाने सव्वीस वर्षं दारं बसवली.
डावीकडची.
उजवीकडची स्रेतेन बसवायचा. दोघांचं बोलणं नव्हतं,
मध्ये गाडी असायची म्हणून निभावलं.

क्रागुयेवात्समध्ये तेव्हा
कुठे कामाला आहेस, असं कुणी कुणाला विचारत नसे.
सहाच्या आत अख्खं गाव एकाच दिशेने चालायचं,
लेपेनित्साचा पूल ओलांडून,
खिशात पाव, कागदात गुंडाळलेली मिरची.
पणजोबांच्या काळी त्याच आवारात तोफा ओतायचे.
बाप म्हणायचा, तोफेला आणि गाडीला लागतं तेच:
भट्टी, माप, आणि वरच्याची घाई.

कारखान्याचं नाव झास्तावा. म्हणजे झेंडा.
पहिली छोटी गाडी आली तेव्हा
लोकांनी तिचं लाडाचं नाव ठेवलं,
जसं घरात शेवटच्या मुलाचं ठेवतात.
पाच माणसं, दोन कलिंगडं, टपावर गादी,
आणि चढावर इंजिन तापू नये म्हणून
मागचं झाकण काठीने उघडं ठेवून
आम्ही समुद्रापर्यंत गेलो.
वाटेत सात वेळा थांबलो.
ते सात थांबे मला समुद्रापेक्षा जास्त आठवतात.

मग युगो. आणि युगो अमेरिकेला निघाली.
त्या दिवशी बापाने दाढी दोनदा केली.
बार बंदरात गाड्या जहाजावर चढताना पाहिल्या म्हणे,
लाल, पांढऱ्या, परत लाल.
आईला सांगत होता, त्यातल्या अर्ध्या दारांना माझा हात लागलाय.
आई म्हणाली, मग पुसून पाठवायची होतीस.

दोन वर्षांनी क्लीव्हलँडहून मिलुंकामावशीचं पत्र.
इथे तुमच्या गाडीला फार नावं ठेवतात,
तिने लिहिलं होतं, आणि खाली एक विनोद:
युगो नेहमी दोघांनी मिळून घ्यावी,
एकाने चालवायला,
दुसऱ्याने मागून पडलेले भाग गोळा करत यायला.

बाप हसला नाही. रागावलाही नाही.
चष्मा काढला, काच शर्टाला पुसली,
आणि विचारलं,
त्या भागांत दार होतं का?

पत्रात तसं काही नव्हतं.
तो रात्री उशिरापर्यंत जागा होता.
दुसऱ्या दिवशी, स्रेतेनने नंतर मला सांगितलं,
त्याने पहिल्यांदा पलीकडून हाक मारली:
बिजागरीचा वरचा स्क्रू अर्धा फेरा जास्त दे.
स्रेतेनने दिला.
वरून माल स्वस्त येत होता, पत्रा पातळ येत होता,
अर्ध्या फेऱ्याने काय होणार होतं.
तरी दिला.

नव्याण्णवच्या वसंतात कामगार कारखान्यातच झोपायला लागले,
माणसं आत आहेत कळल्यावर बॉम्ब टाकणार नाहीत, या हिशोबाने.
बाप थर्मास आणि माझी शाळेतली शाल घेऊन गेला.
हिशोब चुकला.
परत आला तेव्हा कानात राख होती.
आईने ओल्या फडक्याच्या टोकाने ती काढली,
तो बोलत नव्हता, ती बोलत नव्हती,
वाटीतलं पाणी फक्त काळं होत गेलं.
उन्हाळ्यात ढिगारे उपसून त्यांनी पुन्हा गाड्या काढल्या.
थोड्याच. पण निघाल्या.

शेवटची युगो निघाली ती दोन हजार आठच्या नोव्हेंबरात.
बाप गेला नाही बघायला. गुडघ्याचं निमित्त.

आता त्या शेडमध्ये इटलीवाल्यांच्या गाड्या होतात,
आणि माझा मुलगा व्हिएन्नात भाड्याने घेतो
ती गाडी दार आपलं आपण ओढून घेते.
तरुण पोरं जुनी युगो शोधत फिरतात,
आम्ही काही वर्षांपूर्वी भंगारात दिली त्याच्या तिप्पट दराने.
आठवण म्हणून, म्हणतात. कुणाची कोण जाणे.

बाप शेवटी दवाखान्यात होता.
नर्सने खोलीचं दार नुसतं ढकललं, ते अडलं.
त्याला आमची नावं आठवत नव्हती तेव्हा.
उशीवरून डोकं न उचलता म्हणाला,
जरा वर उचल, मग ढकल.

तिने उचललं.
लागलं.