समासातली शिसपेन

अकरा हजार चारशे बारा पुस्तकं,
सात दाखल नोंदवह्या, एक संगणक
आणि चाळीस मिनिटांचा इन्व्हर्टर.
दिग्रसच्या अलीकडे उतरलं की डाव्या हाताला
सोसायटीच्या गोदामाला लागून आमचं वाचनालय,
वर्ग ब.

विकतची प्रणाली तीनदा बंद पडली,
तिचा मालक फोन उचलेना.
ठरलं मग, आपणच लिहू.
पण कोणत्या भाषेत?

भाचा पुण्याहून म्हणाला, जावा घे मावशी,
उद्या काम वाढलं तर.
वाढून वाढून किती वाढेल, बापू?
रोजची वीस माणसं, त्यातली आठ पेपरला.
यवतमाळचा दुकानदार म्हणे पीएचपी, स्वस्तात चालते.
जुन्या सीडीवर पर्लची एक फाइल निघाली,
सुपातून तीळ सांडावेत
तशी विरामचिन्हं सांडलेली.
चालत मात्र होती.
का चालत होती, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

बैलबाजारात बसावं तशी मी
एकेकीचे दात पाहत बसले.

वर्णमालेवर घातल्या सगळ्या.
'क्ष' जाऊन बसला 'क'च्या घरात, 'ज्ञ' 'ज'च्या.
एकीनेही वेगळं केलं नाही.
प्रल्हादजी खोडे, निवृत्त ग्रंथपाल,
चष्मा कपाळावर नेऊन म्हणाले,
"काहून वो बाई, क्ष तं शेवटी असते ना?
याले शाळेत नाही घातलं काय कोनं?"

त्या रात्री त्यांची तिसरी वही चाळली.
समासात शिसपेनीनं, मुंगीएवढ्या अक्षरात:
हे पुस्तक दोनदा चढलं. चूक माझी.
इथून शाई बदलली, दुकान बंद होतं.
४०१२ राठोड मास्तरांकडे. मागू नये, आजारी आहेत.
रकान्यात न मावलेलं सगळं तिथे.
त्याच्याच भरवशावर
मी नऊ वर्षं हे टेबल सांभाळलं.

समास सगळ्याच भाषांत असतो, भाचा म्हणाला.
असेल.
पण समास सोडून उरलेलंही
दुसऱ्याला वाचता यायला हवं ना.

शेवटी पायल जाधवला समोर बसवलं,
बारावी कला, स्कॉलरशिपचा फॉर्म भरायला आलेली.
पायथनच्या सतरा ओळी.
तिनं पडद्यावर बोट फिरवत वाचल्या,
अडखळत, अर्थ लावत,
आणि बाराव्या ओळीवर थांबली:
"मॅडम, इथं उशीर झाला तर दंड लागते ना?
मंग सुट्टीच्या दिवसाचं काय केलं?"

सुट्टीच्या दिवसाचं मी काहीच केलं नव्हतं.

तर, पायथन.
क्ष आणि ज्ञ यांना हाताला धरून शेवटी नेलं,
वर हॅश टाकून मराठीतच लिहिलं:
प्रल्हादजींनी सांगितलं म्हणून. काढू नका.
इन्व्हर्टर टीं टीं करत होता.

४०१२ अजून आलेलं नाही.
मास्तरांना जाऊन सहा वर्षं झाली.
गहाळ म्हणावं, तर ते कुठे आहे हे ठाऊक आहे;
उशीर म्हणावं, तर पायलची बारावी ओळ
दंड मोजायला लागते.