टोपलीचं माप

भाट्याच्या खाडीत मी काठी रोवली होती,
बोटाबोटाच्या अंतरावर लाल रंग.
डिझेलची बोट गेली की पाणी चढायचं
दहा बोटं, कधी बारा,
आणि मागं सरकताना
किनाऱ्याचा एक घास घेऊन जायचं.

जैतूनबी म्हणाली, काठी कशाला?
माझी टोपली बघ ना.
सुकतीला तिसऱ्या वेचून ठेवते,
तुमची बोट येते, उलथून जाते.

तेव्हापासून कागदावर
जिथं आकडा अडला
तिथं मी टोपली काढली.

दोन होड्या जोडाव्यात तशी
दोन सडपातळ अंगं, सुरमईसारखी,
मधून पाण्याला वाट.
खुर्च्या कमी केल्या. बॅटरी तळाशी.
हमीददा सुतारानं नाळेवरून तळवा फिरवला:
इथं अजून दोन सूत काढ,
इथं पाणी अडतंय.
बोट तेव्हा जमिनीवरच होती.

पहिल्या फेरीला एकवीस माणसं, एक सायकल,
आंब्याच्या रिकाम्या पेट्या.
काठीवर पाणी दोन बोटं चढलं.
टोपली हलली नाही.
जैतूनबीनं मान वर केली नाही.
तीन वर्षं, एवढ्यासाठी.

संध्याकाळी ती जेटीवर आली, संतापून:
आवाज तरी करा की मेल्यांनो!
नातू पाण्यात होता माझा,
मागून काही येतंय
कळलंच नाही त्याला.

आता सुकाणूपाशी एक घंटी आहे, सायकलची.
खारफुटीच्या वळणावर
तांडेल अंगठ्यानं वाजवतो.
आराखड्यात ती नव्हती.