साडेबारा टक्के

माझा उजवा कान आता दागिन्याच्या कामाचा नाही.
नऊ वर्षं स्क्रममध्ये, दुसऱ्या रांगेत,
पुढच्यांच्या मांड्यांमध्ये घासून घासून
शिजवूनही न उघडलेल्या तिसरीसारखा झालाय.
आईनं जपलेली कुडी त्यात जात नाही.
तिनं दोनदा बघितलं,
दुसऱ्यांदा खोबरेल लावून.

घणसोलीतली आमची शेतं मी पाहिली नाहीत.
बाबा स्कूटर हळू करतात,
हनुवटीनं दाखवतात:
त्या टॉवरच्या लिफ्टपासून पेट्रोलपंपापर्यंत
राता पिकायचा, खाऱ्या पाण्याला न भिणारा.
सगळी गेली. साडेबारा टक्के परत मिळणार होती.
ती फाईल बेलापूरला आहे.
माझ्याहून तीन वर्षांनी मोठी.

देशाची पहिली जर्सी पुरुषांच्या मापाची होती.
आदल्या रात्री बाबांनी फोनवर विचारलं,
नक्की करायचं काय असतं?
म्हटलं, जमीन घ्यायची. ढकलून. मीटर मीटर.
"कागूद नाय लागत?"
नाही.
"मंग पंच कोनाचा?"

बासष्ट-शून्य हरलो आम्ही.
पण एकदा, उत्तरार्धात,
त्यांचा अख्खा स्क्रम मागे सरकला.
आठ जणींचा एकच श्वास, नाकात गवत,
कुणाचा तरी दात माझ्या कोपरात,
आणि पायांखाली जमीन आमच्या बाजूला येत राहिली.
चार मीटर, मी घरी सांगितलं.
बाबा म्हणाले, "सारेचार."
बांध मोजलेल्या माणसाची नजर.
फळ्यावर ते कुठंच नव्हतं.

मग तेवीस सामने. तीन जिंकले.
आधी खांदा, नंतर गुडघा.
भत्ता मंजूर, भत्ता प्रलंबित, अशी पत्रं
अजूनही कधीकधी येतात, जुन्या पत्त्यावर.

आता शनिवारी पालिकेच्या मैदानावर सोळा मुली येतात.
लग्नसराईत तिथं हळदीचे मांडव पडतात;
आम्ही आधी बांबूंचे खड्डे बुजवतो,
खिळे वेचतो, मग खेळतो.
म्हात्र्यांची जुईली विचारते, ताई, ढकलायचं कुठवर?
मी तिचं डोकं खाली दाबते,
कान चिकटपट्टीनं बांधते, दोन्ही.
रेघा आखायचा चुना संपलाय.

हळदीला मी एकच कुडी घालते, डाव्या कानात.
फोटोआधी आई मला हळूच वळवते.
मी परत समोर होते.